आधी अंधाराचे तास मोजा, मग लुमेन: पहिला टॉर्च घेताना

आमच्या गावाकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. "बॅटरी गेली" असं कुणी म्हणालं, की ती हरवली, बिघडली की नुसते सेल उतरले, हे पुढच्या वाक्यापर्यंत कळत नाही. इथे घोळ नको म्हणून मी टॉर्चला टॉर्च आणि सेलला सेलच म्हणतो.

काही वर्षांपूर्वी मी खोक्यावर ठळक ‘१०००० लुमेन’ (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) छापलेला एक टॉर्च ऑनलाइन मागवला आणि मिरवत मामाकडे नेला. मामाच्या शिवारात त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती, उसाला दारं धरायची होती. पहिली दहा मिनिटं बांधावर दिवस उगवल्यासारखं झालं. पाऊण तासात त्याचा काजवा झाला. उरलेली रात्र आम्ही मामाच्या जुन्या, दोन मोठ्या सेलच्या टॉर्चवर काढली. त्याचा पिवळा बल्ब जेमतेम एक वॉटचा, उजेड फार तर दहा-पंधरा लुमेन. पहाटे चहा ओतताना मामा एवढंच म्हणाला, "तुझी झोपली का रे?"

तेव्हापासून ट्रेकला पहिल्यांदा येणारं कुणी ‘किती लुमेनचा टॉर्च घेऊ?’ असं विचारलं, की मी उलटा प्रश्न विचारतो: किती तास अंधारात असणार आहेस? उजेड आणि वेळ, दोन्ही एकाच विहिरीतून उपसायचे असतात. मोटर मोठी लावली म्हणून विहिरीतलं पाणी वाढत नाही. तेव्हा हिशोब विहिरीपासून सुरू करू.

पायरी १: अंधाराचे तास

कागदावर लिहा, मनात ठेवू नका. दोन उदाहरणं घेतो.

पहिलं, कळसूबाईची रात्रीची चढाई. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर. बारी गावातून मध्यरात्रीनंतर निघायचं, वाटेतल्या लोखंडी शिड्या चढायच्या आणि सूर्योदयाला माथ्यावर पोहोचायचं. नवखी मंडळी सोबत असतील तर चार तास धरा. आधी गावात आवराआवर, वर पोहोचल्यावर उजाडेपर्यंत थांबणं, याचा एक तास. झाले पाच. आता याची दुप्पट करा. कुणाचा पाय मुरगळतो, कुणी वाट चुकतं, कुणाचा टॉर्च घरीच राहतो आणि तुमच्या उजेडात दोघं चालतात. म्हणून दहा तास.

दुसरं, मामाचं शेत. रात्रीची पाळी आठ तासांची असली तरी टॉर्च सतत लागत नाही. पाणी सरीतून शेवटापर्यंत पोहोचेस्तोवर माणूस बांधावर बसून असतो. प्रत्यक्ष चालू राहतो तो तीन-चार तास. पण हे रोज, सलग आठवडाभर. म्हणजे तिथे चार्जिंगची सोय हाही हिशोबाचा भाग.

घरातली लाईट गेल्यावर मेणबत्तीऐवजी टॉर्च हवा असेल तर हा सगळा खटाटोप नको. छताकडे तोंड करून उभा राहील असा कोणताही बरा टॉर्च चालतो.

पायरी २: सेलमध्ये आहे किती?

सेलवर ‘एमएएच’ (मिलिअँपिअर-तास) लिहिलेले असतात. ते एकटे काही सांगत नाहीत. त्यांना व्होल्टने गुणा, हजाराने भागा, म्हणजे वॉट-तास मिळतात. टॉर्चमध्ये खूप चालणारा लिथियम सेल म्हणजे १८६५० (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, नावाचा अर्थ एवढाच). चांगल्या कंपनीचा असा सेल ३५०० एमएएचचा आणि ३.६ व्होल्टचा असतो. गुणाकार केला की १२.६ वॉट-तास. घरातला १२ वॉटचा एलईडी दिवा तासभर जळेल, एवढीच ही शिदोरी.

आता ढोबळ नियम: बऱ्या टॉर्चमध्ये एक वॉटमागे साधारण १०० लुमेन उजेड बाहेर पडतो. म्हणजे या सेलमध्ये सुमारे १२६० ‘लुमेन-तास’ आहेत. सेल जुना होतो, पूर्ण चार्ज झालेला नसतो, थोडी ऊर्जा सर्किट खातं. म्हणून पाचवा हिस्सा सोडून द्या. एक १८६५० म्हणजे १००० लुमेन-तास, एवढं लक्षात ठेवलंत तरी दुकानात कुणी तुम्हाला फसवू शकणार नाही.

बाकीच्यांचं याच पद्धतीने: जरा जाडा असलेला २१७०० सेल, ५००० एमएएचचा, सुमारे १४०० लुमेन-तास देतो. चार्ज होणारा पेन्सिल सेल (२००० एमएएच, पण व्होल्ट फक्त १.२) सुमारे २००. रिमोटमध्ये बसतात तसले तीन छोटे चार्जेबल सेल घेणारा डोक्याचा टॉर्च, म्हणजे हेडटॉर्च, सगळे मिळून सव्वादोनशेच्या आसपास. ‘एमएएच’चे आकडे परस्पर ताडून पाहणारे इथेच फसतात. २००० आणि ३५०० यांच्यात दुपटीहून कमी फरक दिसतो, प्रत्यक्षात शिदोरी पाचपट असते.

पायरी ३: भागाकार

१००० लुमेन-तास भागिले १० तास, उत्तर १०० लुमेन. कळसूबाईला एका १८६५० वर तुम्ही सरासरी एवढा उजेड रात्रभर खर्च करू शकता. आणि तेवढा पुरतो, हे नवख्यांना पटत नाही. तंबूत पिशवी शोधायला, नकाशा वाचायला ५ ते १० लुमेन बस झाले. मळलेल्या पायवाटेवर ३० ते ५०. दगडधोंड्यांच्या उतारावर किंवा शिडीवर १०० ते १५०. समोरची वाट हरवली, खालच्या टप्प्यावर कुणी हाक मारतंय, अशा वेळी ४००-५०० किंवा जास्त, पण तेही मिनिटभरच.

तीन छोट्या सेलच्या हेडटॉर्चचा भागाकार केलात तर दहा तासांना २२ लुमेन येतात. चालेल, पण शिड्यांवर कंजुषी होते. त्यावर उपाय मोठा टॉर्च घेण्याचा नाही, सेलचा एक जादा संच घेण्याचा आहे. उलट ‘मला रात्रभर ५०० लुमेन हवेत’ म्हणणाऱ्याला ५००० लुमेन-तास लागतील, म्हणजे पाच १८६५०. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण टॉर्चला जितकी चपखल बसते तितकी क्वचितच कशाला बसत असेल.

आता या व्यवहारातली एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. डोळा उजेड सरळ मोजत नाही. १०० लुमेनचे २०० केले तर दुप्पट वाटत नाहीत, ‘जरासा वाढला’ असं वाटतं. दुप्पट भासायला साधारण चौपट लुमेन लागतात. हेच उलट करून पाहा: उजेड निम्मा केला तर डोळ्याला फारसं कळत नाही, सेल मात्र दुप्पट वेळ चालतो. शिवाय डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. भपकेदार टॉर्च एकदा डोळ्यांवर पडला की ती कमाई क्षणात जाते. म्हणून मी चालायला सुरुवात करतानाच आवश्यक वाटतो त्यापेक्षा एक पायरी खालचा मोड लावतो आणि पाच मिनिटं धीर धरतो. बहुतेक वेळा तो परत वाढवावा लागत नाही.

आणि वरच्या टोकाला खर्च सरळ प्रमाणातही वाढत नाही. एलईडीला जितका जास्त प्रवाह द्यावा तितका तो दर वॉटमागे कमी उजेड देतो, गरम होतो, सेलच्या आतही ऊर्जा वाया जाते. १०० लुमेनपेक्षा १००० लुमेनला दसपटीहून जास्त वीज लागते. एसटी चढावर घालताना डिझेल जसं जातं तसं.

पायरी ४: खोक्यावरचे आकडे वाचायला शिका

इथे जरा थांबतो, कारण सर्वात जास्त पैसे इथेच वाया जातात.

टॉर्चचे आकडे कसे मोजावेत याचं एक अमेरिकन मानक आहे, एएनएसआय एफएल-१ नावाचं, २००९ सालचं. खोक्यावर चौकोनी चिन्हांच्या रांगेत लुमेन, अंतर, वेळ हे दिलेलं असेल तर ते बहुधा या मानकानुसार. ते नसेल आणि नुसतंच ‘सुपर ब्राइट, ५ किलोमीटर’ असेल, तर खोकं खाली ठेवा.

पण मानक पाळलेलं असलं तरी त्यातली मेख कळायला हवी. लुमेन मोजतात ते टॉर्च चालू केल्यावर तीस सेकंद ते दोन मिनिटं या काळात. आणि ‘किती तास चालतो’ हे मोजतात ते उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. परत वाचा: दहा टक्के. म्हणजे खोक्यावर ‘१००० लुमेन, ३ तास’ लिहिलंय, तर टॉर्च पहिली दोन-तीन मिनिटं १००० देऊन, तापला म्हणून स्वतःहून ३०० वर उतरून, अडीच तास तसाच चालून, शेवटी १०० वर आला तरी ते विधान खरंच ठरतं. कंपनी खोटं बोललेली नसते. आपण दोन आकडे एका श्वासात वाचलेले असतात.

ताळा करण्यासाठी आपला हजाराचा आकडा आहेच. एका १८६५० वर १००० लुमेन तीन तास म्हणजे ३००० लुमेन-तास. सेलमध्ये आहेत १०००. तेव्हा बाकीचा वेळ तो मंद जळत असणार, हे दुकानात उभ्याउभ्याच कळतं. माझ्या त्या ‘१०००० लुमेन’वाल्याला हा ताळा लावला असता तर सहा मिनिटांत सेल रिकामा व्हायला हवा होता, आणि मुठीएवढ्या टॉर्चमध्ये शंभर वॉटची उष्णता म्हणजे हातात इस्त्री धरल्यासारखं झालं असतं.

म्हणून सर्वात वरचा, ‘टर्बो’ म्हणून विकला जाणारा मोड विसरून जा. तो शोपीस आहे. असू द्या, पण त्यावर पैसे लावू नका. बघायचा तो मधला मोड: १०० ते ३०० लुमेनच्या दरम्यानचा, आणि त्याच्यापुढे लिहिलेले तास. चांगल्या कंपन्या उजेड आणि वेळेचा आलेख देतात. तो सपाट पठारासारखा असेल तर आतलं सर्किट उजेड धरून ठेवतं. घसरगुंडीसारखा असेल तर उजेड हळूहळू ढळत जातो.

यातलं चांगलं कोणतं, यावर लोक भांडतात. पठारवाल्याचा उजेड शेवटपर्यंत भरवशाचा, पण तो संपतो तेव्हा फारशी सूचना न देता बसतो. ढळणारा आधीच सांगतो की बाबा रे, माझे दिवस भरत आले. मी पठारवाला घेतो, पण त्यावर सेल किती उरला हे दाखवणारा छोटा दिवा असेल तरच.

पायरी ५: लांब बघायचंय की पायाशी?

लुमेन म्हणजे एकूण उजेड. तो एका झोतात गोळा केलाय की सगळीकडे पसरलाय, हे कँडेला सांगतं. आणि इथे सेलवर जादा भार न टाकता ‘प्रकाश’ वाढवता येतो, कारण आरसा मोठा आणि खोल केला की त्याच लुमेनचा झोत लांब जातो.

खोक्यावरचं अंतर कसं काढतात? कँडेलाचं वर्गमूळ, गुणिले दोन. १०००० कँडेला असतील तर २०० मीटर. पण मानकाप्रमाणे त्या अंतरावर उरतो तो पाव लक्स, पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. काहीतरी आहे एवढं दिसेल, कुत्रं आहे की वासरू हे नाही. छापलेलं अंतर निम्मं करा, तिथे चौपट उजेड असतो. तेच खरं कामाचं अंतर. आणि झोत दुप्पट लांब न्यायचा तर कँडेला चौपट लागतात, हेही लक्षात असू द्या.

बिबट्याच्या पट्ट्यात, म्हणजे जुन्नर वगैरे भागात, ऊसवाल्यांना लांबचा झोत हवा असतो: बांधाच्या टोकाला चमकणारे डोळे दिसावेत म्हणून. तिथे २५० लुमेनचा मोठ्या आरशाचा टॉर्च १००० लुमेनच्या पसरट टॉर्चला सहज हरवतो, आणि तासही जास्त देतो. पण त्याच शेतात पायाशी घोणस किंवा मण्यारही असते. तिच्यासाठी झोत निरुपयोगी, पसरट ५० लुमेन हवेत. आता मामाकडे दोन आहेत: डोक्याला पसरट, मंद, सतत चालू, आणि खांद्याला अडकवलेला झोताचा, गरजेपुरता. एका महागड्या टॉर्चपेक्षा अशी दोन साध्या टॉर्चची जोडी मला नेहमीच शहाणपणाची वाटत आलीये.

रंगाबद्दल एक गोष्ट. निळसर पांढरा एलईडी कागदावर जास्त लुमेन दाखवतो. किंचित पिवळसर, ४००० ते ५००० केल्विनचा आणि रंग नीट दाखवणारा, म्हणजे सीआरआय ९० च्या पुढचा, थोडे कमी देतो. पण वाळक्या पाचोळ्यात घोणसीच्या अंगावरचे तपकिरी ठिपके वेगळे ओळखायचे असतील तर ते थोडे लुमेन मी आनंदाने सोडतो.

पावसाळ्यातल्या धुक्यात तर सगळाच हिशोब फिरतो. उजेड जितका जास्त तितकी समोर पांढरी भिंत जाड. कपाळावरचा टॉर्च डोळ्यांना अगदी जवळ, म्हणून त्याचा त्रास सर्वात जास्त. तो काढून हातात, कमरेच्या उंचीवर धरा आणि मंद करा. पाण्याचं म्हणाल तर आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे चालतील, आयपीएक्स-७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. सह्याद्रीच्या जुलैला ७ घ्या.

पायरी ६: खालचे मोड मोजा

दुकानदार वरचा मोड दाखवतो, तुम्ही खालचा मागा. सर्वात मंद मोड ५ लुमेनच्या आत असावा. एक लुमेनच्या आसपासचा असेल तर उत्तमच, त्यावर एक १८६५० आठवडे काढतो. मे अखेर-जूनमध्ये भंडारदरा किंवा राजमाचीला काजवे बघायला जाणाऱ्यांना तर हाच लागतो. काजव्यांच्या झाडाकडे टॉर्च मारणाऱ्याला तिथे शिव्या पडतात, आणि पडायलाच हव्यात.

बटण असं हवं की आधी मंद लागावा, किंवा शेवटचा मोड लक्षात राहावा. प्रत्येक वेळी टर्बोवरून सुरुवात करून खाली येणारा टॉर्च सेलही खातो आणि सोबत्यांच्या शिव्याही. मदतीच्या इशाऱ्यासाठी लुकलुकणारा ‘एसओएस’ मोड बटण दाबताना रोजच्या मोडच्या मध्येच येत असेल तर तो टॉर्च नकोच.

पायरी ७: सेल

ऑनलाइन १८६५० वर ‘९९०० एमएएच’ छापलेलं दिसलं तर समजा की छपाईयंत्र चांगलं होतं. त्या आकाराचे उत्तम सेल साधारण साडेतीन हजारांच्या घरात असतात. घरी स्वयंपाकाचा काटा असेल तर वजन करा: खरा सेल ४५ ते ५० ग्रॅमचा भरतो. तीसच्या आसपास भरला तर आत पोकळी किंवा भुसा.

१४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, पण व्होल्ट तिपटीच्या आसपास. टॉर्च त्यासाठी बनवलेला नसेल तर तो घालू नका. साध्या सेलमध्ये जुना-नवा एकत्र करू नका, आणि पावसाळा संपला की ते काढून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी आत पांढरा खार साचलेला सापडेल.

सेल आत कायमचा बसवलेला की बदलता येणारा? घरासाठी, शहरासाठी आतला चालतो. ट्रेकला आणि शेताला बदलता येणाराच घ्या. अर्ध्या वाटेत पॉवर बँकेला टॉर्च टांगून चालता येत नाही, जादा सेल मात्र अर्ध्या मिनिटात बसतो. खेड्यापाड्यात मुक्काम असेल तर पेन्सिल सेलचा टॉर्च गरीब वाटला तरी त्याचा सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. हिमालयात जाणाऱ्यांनी जादा लिथियम सेल विमानात केबिनच्या पिशवीत ठेवावेत, चेक-इनच्या सामानात ते चालत नाहीत. रात्री ते झोपायच्या पिशवीत घ्यावेत, थंडीत त्यांची ताकद घटते.

पायरी ८: घरी एक रात्र

नवा टॉर्च थेट गडावर नेऊ नका. पूर्ण चार्ज करा, टेबलावर छताकडे तोंड करून उभा करा, मोबाइलवर उजेड मोजणारं एखादं मोफत अॅप घ्या आणि मोबाइल एकाच जागी ठेवून दर पंधरा मिनिटांनी आकडा वहीत लिहा. मोबाइलचा आकडा काटेकोर नसतो, पण सुरुवातीच्या तुलनेत किती उतरला हे बरोबर कळतं. पंखा बंद ठेवा. वाऱ्यावर टॉर्च थंड राहतो आणि निकाल उगाच गोड येतो. आकडा निम्म्यावर कधी आला ती वेळ टॉर्चच्या अंगावर कागदी चिकटपट्टीवर लिहा. माझ्या टॉर्चवर ‘मधला, ६ तास १५’ असं लिहिलंय. खोक्यावर ९ छापलं होतं.

आणि सॅकमध्ये टाकताना मागचं टोपण पाव फेरा सैल करून ठेवा. नाहीतर गाडीत कपड्यांखाली बटण दाबलं जातं, आणि बारीला उतरल्यावर गरम झालेले मोजे आणि रिकामा सेल हातात येतो.